संशोधनातला ‘ध चा मा’ : या चुका टाळा

प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी एकदा परक्या नजरेखालून जावा म्हणून ओळखीतले काही मार्गदर्शक तो माझ्याकडे धाडतात. कधी वैद्यकाचा, कधी स्थापत्याचा, कधी पर्यावरणाचा, कधी इतिहासाचा. त्यातलं सगळं मला कळतं असा दावा नाही. पण तारखा, आकडे आणि संदर्भ तपासायला चिकाटी पुरते.

मागे धरणांवरच्या एका प्रबंधात कोयनेचा भूकंप दुसऱ्या प्रकरणात १० डिसेंबर १९६७ ला झाला होता आणि चौथ्यात ११ डिसेंबरला. मी समासात लाल खूण केली. विद्यार्थिनी म्हणाली, “सर, दोन्ही तारखा छापील आहेत. कुठली खोडू?” तिचं बरोबर होतं. भूकंप झाला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, आपल्याकडे तेव्हा ११ तारीख उजाडत होती. जागतिक वेळेप्रमाणे मात्र तेव्हा १० तारखेच्या रात्रीचे १०:५१ झाले होते. एक तारीख भारतीय अहवालातून आलेली, दुसरी आंतरराष्ट्रीय यादीतून. कोणीच चुकलं नव्हतं आणि प्रबंध मात्र चुकला होता.

माझ्या अनुभवात प्रयोग फसल्यामुळे होणाऱ्या चुका थोड्या. आकडा एका वहीतून दुसऱ्या वहीत, एका देशातून दुसऱ्या देशात, एका कालगणनेतून दुसरीत जातो, तेव्हा वाटेत काहीतरी सांडतं. बहुतेक गडबडी तिथल्याच.

अठ्ठ्याहत्तर मिळवले की झालं?

इतिहासवाल्यांची पहिली ठेच इथेच. शके दिला की ७८ मिळवायचे, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची. ७८ मिळवले की १७६० येतात. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणजे पौषातल्या त्या दिवशी इंग्रजी वर्ष बदलून गेलेलं होतं. तिथे ७९ मिळवावे लागतात, तेव्हा कुठे १४ जानेवारी १७६१ हाती लागतो. पौष, माघ, फाल्गुन दिसले की थांबा आणि जंत्री उघडा.

मोडी कागदांत शुहूर सन ही आणखी एक कालगणना असते, तीही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतच्या महिन्यातल्या पत्राला ५९९ मिळवलेत तर लढाई पुन्हा १७६० मध्ये जाऊन पडते.

आणखी एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. इंग्रजांनी नवी, म्हणजे ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली १७५२ मध्ये; तोवर जुनी ज्युलियन चालायची. गोव्याचे पोर्तुगीज तिच्यावर सोळाव्या शतकातच आले होते. म्हणून सतराव्या शतकातल्या इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांत एकाच दिवसाच्या तारखा दहा दिवसांनी वेगळ्या पडतात. शिवराज्याभिषेक आपण ६ जून १६७४ म्हणतो ती जुन्या गणनेची तारीख. नव्या गणनेने तो दिवस १६ जून येतो. त्यातच इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण वखारीच्या पत्रावर १६६३ असं वर्ष दिसू शकतं. एका विद्यार्थ्याने यावरून सुरतेची आणखी एक लूट शोधून काढली होती. बिचाऱ्याने त्यावर अख्खं उपप्रकरण लिहिलं होतं.

उपाय साधा आहे: मूळ कागदावरची तारीख जशी आहे तशी एका रकान्यात उतरवा, रूपांतर शेजारच्या रकान्यात करा आणि कोणत्या गणनेवरून केलं ते तिसऱ्यात लिहा. मूळ तारीख पुसून तिच्या जागी रूपांतर लिहू नका. रूपांतर चुकलं तर परत जायला वाट राहत नाही.

पाऊस नेमका कोणत्या दिवसाचा?

मुंबईत २६ जुलै २००५ ला काय झालं ते सांगायला नको. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा पाठ असतो. पण हवामान विभाग सकाळी साडेआठला पाऊस मोजतो आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर टाकतो. म्हणून विभागाच्या तक्त्यात तो पाऊस २७ जुलैसमोर सापडतो. भरतीच्या वेळा किंवा रुग्णालयातल्या नोंदी त्या तक्त्याशेजारी ठेवल्या की सगळं एका दिवसाने घसरतं आणि आलेखात आधी पूर येऊन मग पाऊस पडतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आलेख सुंदर रंगवलेला होता.

त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा ‘मुंबईचा पाऊस’ असं लिहिण्याआधी कोणतं केंद्र, तेही लिहा. आणि नोंद नसलेला रकाना म्हणजे शून्य पाऊस नव्हे. काही तक्त्यांत गहाळ नोंदीसाठी उणे ९९९ लिहिलेलं असतं. ते सरासरीत मिसळलं तर चेरापुंजीचंही वाळवंट होईल.

एककांचं फार सांगत नाही. मंगळाभोवती फिरायला निघालेलं नासाचं यान १९९९ मध्ये पौंड आणि न्यूटन यांच्या गोंधळात गेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी आपल्या प्रबंधांत क्यूसेक (सेकंदाला घनफूट) आणि क्युमेक (सेकंदाला घनमीटर) एकमेकांच्या जागी सुखाने नांदतात. दोन्हींत पस्तीस पटींचं अंतर आहे! एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). धरणाचा साठा देताना तो एकूण की उपयुक्त, तेही लिहा.

मक्षिकास्थाने मक्षिका

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असं वाक्य छापून आलं. माग काढला तेव्हा ते एका पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या अहवालातून आलेलं निघालं आणि त्या अहवालाचा आधार होता १९९९ ची मासिकातली एक बातमी. १९९६ च्या एका वेगळ्या अहवालात ध्रुवप्रदेशांबाहेरच्या हिमनद्यांविषयी २३५० हे साल होतं. अंकांची उलटापालट तिथूनच झाली असावी, असं अनेकांनी दाखवून दिलं. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने खेद व्यक्त केला.

मला यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग निराळाच वाटतो. त्याच मजकुरात हिमालयातल्या हिमनद्यांचं क्षेत्र सुमारे तीस लाख हेक्टर, म्हणजे तीस हजार चौरस किलोमीटर दिलेलं आहे आणि खाली ते पाच लाखांवरून एक लाख चौरस किलोमीटरवर येईल असं म्हटलं आहे. तीस हजारांचे पाच लाख कसे झाले? हे विचारायला हिमनदीशास्त्र लागत नाही, पाचवीचं गणित पुरतं. एका पानावरचे आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढं पाहायची सवय लावून घ्या.

वैद्यकातली गोष्ट याहून वाईट आहे. १९८० मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींत व्यसन जडल्याची उदाहरणं फक्त चार आढळली, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी एक अक्षरही नव्हतं. पुढे तेच पत्र ‘ही औषधं व्यसन लावत नाहीत’ याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. २०१७ मध्ये मोजदाद झाली तेव्हा ६०८ ठिकाणी त्याचा उल्लेख सापडला आणि त्यांपैकी ४३९ ठिकाणी तो व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून होता. बहुतेकांनी हे रुग्ण रुग्णालयातले होते एवढंही सांगितलं नव्हतं. पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? एकाच्या यादीतून दुसऱ्याने उचललं, दुसऱ्याच्या यादीतून तिसऱ्याने.

मी प्रबंध हाती आला की संदर्भसूचीतले कोणतेही दहा संदर्भ निवडतो आणि विद्यार्थ्याला मूळ पान दाखवायला सांगतो. हल्ली दहातला एखादा अस्तित्वातच नसतो, कारण तो चॅटबॉटने रचलेला असतो. काही निबंध मागे घेतलेलेही निघतात. झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर अशा निबंधांवर लाल पट्टी दाखवतं. ती पट्टी बंद करून काम चालू ठेवणारे महाभागही मला भेटले आहेत.

एक्सेल न विचारता मदत करतं

जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाकली की ‘मार्च१’ हे जनुक १ मार्च ही तारीख होऊन बसतं. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत हा घोळ सापडला. अखेर २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे विज्ञानाने हात टेकले, असंच म्हणायचं. एकदा बिघडलं की दुरुस्तीही अवघड, कारण ‘मार्च१’ आणि ‘मार्क१’ अशी दोन निराळी जनुकं एकाच तारखेत बुडायची.

म्हणून फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडू नका. रिकाम्या एक्सेलमध्ये आयात करा आणि तेव्हाच तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवा. आयात झाल्यावर ओळी मोजा. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ बाधित काही दिवस यादीबाहेर राहिले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत.

न पटणारा आकडा दिसला तर? अंटार्क्टिकावरच्या ओझोनची गोष्ट सांगताना ‘नासाच्या संगणकाने आकडे फेकून दिले’ असं ठोकून देतात. तसं झालं नव्हतं. १८० डॉब्सनखालचे (डॉब्सन हे ओझोन मोजायचं एकक) आकडे संशयास्पद म्हणून खूण करून ठेवलेले होते. ब्रिटिशांनी १९८५ मध्ये हॅली केंद्रावरच्या जमिनीवरील मोजमापांवरून ओझोनच्या थरातल्या विवराची बातमी दिली खरी, पण नासाचे आकडे शाबूत होते म्हणूनच विवर केवढं पसरलं आहे ते पाहता आलं. तुम्हीही तेच करा. ओळ खोडू नका, शेजारी शंका लिहा.

कोयनेच्या प्रबंधात आम्ही तारखेपुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ असा रकाना वाढवला. आठवड्याने तिचा फोन आला. “सर, तारखेचं मिटलं. पण भूकंपाची तीव्रता एका ठिकाणी ६.३ आहे, एका ठिकाणी ६.५ आणि एका ठिकाणी ६.६.” मी म्हटलं, प्रत्येक आकडा कोणत्या मापनश्रेणीवरचा ते आधी शोध. ती अजून शोधते आहे.