झिप वाटण्याआधी परवाने तपासा

सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या मराठीत छापायला मी एक छोटं टूल लिहिलं. रीडमीत (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) ‘परवाना: एमआयटी’ (कोड कुणालाही वापरू देणारा एक मुक्त परवाना) एवढं टाकून झिप वाटली आणि मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "यात वापरलेल्या लायब्ररींचे परवाने कुठेत?" शोधले. नव्हतेच. (लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड.)

माझ्या कोडवर मला बंधन नाही, पण दुसऱ्याच्या कोडवर आहे. एमआयटीची अट मुळात एकच: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे. नुसतं नाव लिहून भागत नाही.

आता माझी पद्धत अशी. सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ‘लायसन्स’ नावाची साधी टेक्स्ट फाइल, तिच्यात मूळ इंग्रजी मजकूर जसाच्या तसा, वर वर्ष आणि नाव. (नमुन्यात वर्ष-नावाच्या जागी असलेला चौकोनी कंस तसाच ठेवून पाठवणारे असतात. एकदा मीही.) प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावर ‘एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर: एमआयटी’ ही परवाना सांगणारी ठरावीक ओळ. लिनक्स कर्नलने (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) २०१७ मध्ये हीच रीत उचलली. कुणी एखादी फाइल सुटी नेली तरी परवाना कोणता ते कळतं.

मग उसनं सामान. माझ्याकडे अपाचे २.० या परवान्याची एक लायब्ररी होती. तिच्या परवान्याची प्रत द्यायची, आपण बदललेल्या फाइलींत तसं नोंदवायचं आणि मूळ पॅकेजमध्ये ‘नोटिस’ फाइल असेल तर तिच्यातल्या श्रेयाच्या ओळीही पुढे न्यायच्या. ही नोटिस हमखास राहते. पावतीवरचा मुक्ता फाँट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा, ओपन फाँट लायसन्सखालचा. त्याची परवाना फाइल मी फाँटच्या शेजारीच ठेवते. टूलसोबत तो विकलेला चालतो, नुसता फाँट विकायला बंदी आहे.

माझा खरा घोळ बिल्डमध्ये, म्हणजे वाटायच्या फाइली तयार करताना, झाला होता. फाइल बारीक करताना टर्सर या कोड लहान करणाऱ्या टूलला सगळ्या कॉमेंट (कोडमधल्या टिपा) काढायला मीच सांगितलं होतं, त्यात परवानेही गेले. मूळ सेटिंग राहू दिलं तर उद्गारचिन्हाने सुरू होणारी किंवा ‘@लायसन्स’ असलेली कॉमेंट तो ठेवतो.

वाटण्याआधी झिप रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून बघा, आपल्या रेपोत (मूळ कोडच्या फोल्डरमध्ये) नाही. एनपीएमवर (जावास्क्रिप्टची पॅकेजं वाटायच्या जागेवर) टाकणार असाल तर आधी ‘एनपीएम पॅक --ड्राय-रन’ चालवा. आत काय जातंय त्याची यादी येते. मुख्य लायसन्स फाइल आपसूक जाते. मात्र पॅकेज डॉट जेसन या पॅकेजच्या माहिती-फाइलीत ‘फाइल्स’ची यादी दिली असेल, तर उसन्या परवान्यांचं फोल्डरही तिच्यात हाताने लिहावं लागतं.