फ्लॉवरच्या बेसचा पिझ्झा ओला राहतो? या चुका टाळा

आमच्या बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, साखर वाढली तेव्हा मोजून पोळी आणि मोजून भात त्यांनी कुरकुर न करता मान्य केला. नातवंडांबरोबर रविवारी रात्री खायचा पिझ्झा मात्र सोडवेना. म्हणून मी फ्लॉवरचा बेस करायला घेतला. पहिले तीन रविवार बेस सुरी लावताच मोडला. चौथ्यांदा जमला, आणि तेव्हा लक्षात आलं की रेसिपी बरोबरच होती, हाताची सवय आड येत होती.

कोबीच्या वड्या घ्या, दुधीचं थालीपीठ घ्या. भाजीला पाणी सुटलं की आपण आणखी मूठभर पीठ घालतो. तिथे ते पाणी कामाचंच असतं, पीठ त्यातच भिजतं. पहिल्या रविवारी आई शेजारी उभ्या होत्या. मिश्रण बघून म्हणाल्या, "अगं, सैल वाटतंय, मूठभर बेसन घाल की." मी घातलं, तरी सैलच, म्हणून आणखी घातलं. बेस तर मोडलाच, शिवाय कर्बोदकं कमी करण्यासाठी चाललेला सगळा खटाटोपही वाया गेला. फ्लॉवरच्या बेसला पीठ चालत नाही, त्यातलं पाणी काढावं लागतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

आकडे बघा. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात, १०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये ५, आणि त्यातलेही २ ग्रॅम तंतू. आठ इंची बेसला १२० ग्रॅम मैदा धरला तर ९० ग्रॅम कर्बोदकं झाली. तेवढ्याच बेसला ६०० ग्रॅम फ्लॉवर लागतो, म्हणजे ३०. आता त्यात 'बाइंडिंगला' चार टेबलस्पून कॉर्नफ्लोअर घातलं तर जवळपास २८ ग्रॅम आणखी. अख्ख्या गड्ड्याइतकी कर्बोदकं चार चमच्यांत.

पाण्याच्या चुका

फ्लॉवरचा ९२ टक्के भाग पाणीच असतं. ६०० ग्रॅममध्ये साडेपाचशे ग्रॅम पाणी. त्यात आपण भर घालतो. अळ्यांसाठी तुरे कोमट हळद-मिठाच्या पाण्यात ठेवतो, ते ठेवायलाच हवेत, पण निथळले न निथळले तोच किसायला घेतो. मी आता मंडईतून फ्लॉवर आणला की आदल्या रात्रीच धुऊन सुती पंच्यावर पसरून ठेवते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात मिळणारा घट्ट, पांढरा गड्डा यासाठी सगळ्यात चांगला. पावसाळ्यात तुरे विरळ आणि ओलसर येतात, तेव्हा वाळवायला जास्त वेळ द्या.

दुसरी चूक मिक्सरची. बटण सलग फिरवलं की फ्लॉवरची चटणी होते, आणि चटणी पिळता येत नाही, ती फडक्यातूनच बाहेर येते. पल्सवर, म्हणजे बटण थांबत थांबत दाबून, थोडे थोडे तुरे फिरवा आणि दाणे जाड रव्याएवढे झाले की थांबा. किसणीवर वेळ लागतो, पण कीस एकसारखा पडतो.

तिसरी चूक, कच्चाच कीस पिळणं. कच्च्या फ्लॉवरच्या पेशी पाणी धरून ठेवतात, कितीही जोर लावला तरी थोडंच सुटतं. आधी शिजवा, पण पाण्यात उकडू नका. मायक्रोवेव्हमध्ये पाणी न घालता पाच-सहा मिनिटं, किंवा कढईत मंद आचेवर झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं परतून. मग पाव चमचा मीठ भुरभुरा आणि ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम कीस हाताला सोसत नाही, म्हणून आपण अर्धवट पिळून सोडून देतो. माझा दुसरा रविवार यातच गेला.

पिळायला श्रीखंडाचा चक्का बांधतो ते फडकं घ्या. सगळा कीस एकदम बांधू नका, दोन भाग करा. पुरचुंडी पीळ देत घट्ट करत नेली की आधी धार लागते, फिकट पिवळसर, किंचित गोड वासाची. मग थेंब पडतात, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. इथे फडकं सोडा, कीस मोकळा करा, पुन्हा बांधा आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळी निघतं तेवढंच पाणी बेस मोडायला पुरेसं असतं. ६०० ग्रॅम किसाचा शेवटी तीनशेच्या आत गोळा उरायला हवा. ओळखायचं असं: मूठ दाबून उघडली तर गोळा भुगा होऊन पडतो आणि तळवा कोरडा राहतो. निघालेलं पाणी आमच्याकडे आमटीत जातं, फक्त त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवायचं.

बांधणीच्या चुका

एवढ्या किसाला एक अंडं आणि ६० ग्रॅम किसलेलं मोझरेला पुरतं. दोन अंडी घातली तर बेस ऑम्लेटसारखा मऊ होतो. घरात प्रोसेस्ड चीजच्या क्यूब असतात म्हणून त्या किसून घालू नका. ते चीज वितळून मऊच राहतं, मोझरेलासारखं तळाशी खरपूस होऊन किसाला धरून ठेवत नाही.

श्रावणात आमच्याकडे अंडं होत नाही. तेव्हा दीड टेबलस्पून इसबगोल आणि दोन टेबलस्पून बदामाची पूड घालते. इसबगोल घातल्यावर मिश्रण लगेच थापायचं नाही, पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. तेवढ्यात ते उरलासुरला ओलावा ओढून घेतं आणि गोळा एकसंध होतो. प्रमाण वाढवलं तर बेस चिकट, रबरासारखा लागतो. जवसाची पूडही चालते, रंग काळपट येतो इतकंच.

भाजण्याच्या चुका

कच्च्या बेसवर सॉस आणि चीज घालून सगळं एकदम ओव्हनमध्ये ढकलणं ही सर्रास होणारी चूक. आधी नुसता बेस भाजायचा. ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून २०० अंशांवर पंधरा मिनिटं तापवून घ्या. बेस पाच-सहा मिलिमीटर जाड थापा, कडा किंचित उंच ठेवा. मध्यभाग हाताखाली नकळत जाड राहतो आणि तोच कच्चा राहतो. पंचवीस मिनिटांनी वरची बाजू बदामी झाली की उलटून आणखी आठ-दहा मिनिटं. एक मोठा करण्यापेक्षा सहा इंची दोन करा, उलटताना मोडत नाहीत. खाली बेकिंगचा कागद हवा, त्यालाही तेलाचा हात लावा. पातळ साधा बटर पेपर बेसला असा चिकटतो की सोलून काढावा लागतो.

ओव्हन नसेल तर जाड नॉनस्टिक तव्यावर मंद आचेवर भाजा, पण झाकण ठेवू नका. झाकणाखाली वाफ कोंडते आणि काढलेलं पाणी परत आत जातं. दोन्ही बाजू खरपूस झाल्यावर सॉस, चीज घालायचं आणि मगच, चीज वितळण्यापुरतं, दोन-तीन मिनिटं झाकायचं.

भाजलेला बेस थेट ताटात ठेवला तर खालून घाम येतो. फुलके भाजायच्या जाळीवर पाच मिनिटं ठेवा, चीजही तेवढ्यात स्थिरावतं आणि तुकडा हातात उचलता येतो.

वर घालायच्या गोष्टींचं थोडक्यात. टोमॅटोची प्युरी लसूण घालून चमचा फिरवताना तळ दिसेपर्यंत आटवा. केचप नको, त्यात साखर भरपूर असते. मशरूम आणि ढोबळी मिरची आधी मोठ्या आचेवर परतून पाणी उडवा. सिंहगडावरच्या कणसाची आठवण येऊन मका घालावासा वाटतो, पण तो पिठूळ आहे, पनीर घाला.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर रात्रीच्या जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच आणि जेवणातला पिष्टमय भाग अचानक कमी झाला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. बाबांच्या बाबतीत आम्ही आधी विचारलं, मगच फ्लॉवर आणला. चीजमध्ये मीठ आणि स्निग्धांश दोन्ही असतात, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी बेसमध्ये मीठ वेगळं घालूच नये.

दर रविवारी एवढा कीस पिळणं होत नाही. मी एकदम चार बेस भाजते, पूर्ण गार झाल्यावर मध्ये कागद घालून डब्यात भरते आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवते. लागेल तेव्हा बाहेर काढून वितळू द्यायचा नाही. गोठलेलाच तापल्या तव्यावर टाकायचा, म्हणजे सुटलेलं पाणी तिथेच उडून जातं.