जुना शटरचा टीव्ही दुरुस्त करताय? या चुका टाळा

फोन नेहमी एकाच क्रमाने येतो. आधी कौतुक. आजोबांचा टीव्ही आहे, २४ इंची, शटरचा, चारही पाय शाबूत, रविवारी संध्याकाळी अख्खा वाडा पिक्चर बघायला यायचा वगैरे. मग आवाज जरा खाली येतो आणि, "काका, माळ्यावरून काढला आणि सहज लावून बघितला हो."

सहज! तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या टीव्हीत २३० व्होल्ट सहज सोडले.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसायला लागलं. तिथपासून १९८२ मध्ये रंगीत येईपर्यंतचे जे सेट घरोघरी आले, त्यांच्यावर मी हे काम शिकलो. सुरुवातीचे बरेचसे अर्धे व्हॉल्व्हवर (म्हणजे आत हीटर असलेल्या काचेच्या नळ्यांवर), अर्धे ट्रान्झिस्टरवर चालायचे, नंतरचे पूर्ण ट्रान्झिस्टरचे. खाली मुख्यतः पहिल्या जातीबद्दल लिहितोय, कारण लोक वाट लावतात ती त्यांचीच.

‘लावून तर बघू’

तीन वर्षांपूर्वी कोथरूडचा एक मुलगा आला. आयटीत नोकरी, हौशी, हुशार. टीव्ही लावल्यावर फ्यूज उडाला. दुकानात तसा फ्यूज मिळेना म्हणून यानं वायरीतली तांब्याची एक तार काढून फ्यूजच्या जागी गुंडाळली. आणि दुर्दैव असं, की टीव्ही सुरू झाला. पडद्यावर उजेड आला. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या, यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. दहा मिनिटांनी जळका वास, मग धूर, मग सगळं बंद.

तो व्हिडिओ मी त्याच्याकडून मागून घेतलाय, शिकाऊ पोरांना दाखवायला. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून पीएल ५०४ हा जाडजूड व्हॉल्व्ह दिसतो आणि त्याची बाहेरची करडी प्लेट निखाऱ्यासारखी लाल झालेली आहे. मागून मुलाचा आवाज येतो, "काय भारी ग्लो आहे बघ!" अरे बाबा, व्हॉल्व्हमध्ये उजेड दिसायला हवा तो आतल्या बारीक हीटरचा. बाहेरची प्लेट लाल दिसली की बटण बंद करायला तुमच्याकडे काही सेकंदच असतात, व्हिडिओ काढायला नाही.

झालं होतं ते असं. या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंटला लगाम घालणाऱ्या आतल्या जाळीवर) मागून एका छोट्या कपॅसिटरमधून सिग्नल येतो आणि त्याच्याच जोरावर ग्रिड निगेटिव्ह राहते. तो कपॅसिटर म्हातारा होऊन थोडा गळायला लागला, की ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतो, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो आणि तो सगळा करंट जातो एलओटीतून, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून. मी चासी (आतला धातूचा सांगाडा) उघडली तेव्हा एलओटीचं मेण वितळून विझलेल्या मेणबत्तीसारखं खाली ओघळलेलं होतं. फ्यूजच्या जागी तार नसती, तर कदाचित एलओटी वाचला असता. कपॅसिटरची किंमत दहा रुपये. एलओटी आता कोणी बनवत नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारच्या फेऱ्या मारून आठ महिन्यांनी एका मोडक्या चासीवर मिळाला, तोही दुसऱ्याच कंपनीचा. आजही त्या टीव्हीचं चित्र उजवीकडे बोटभर कमी भरतं.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पुस्तकात वेगळी असेल.

प्लग कापून बाजूला ठेवतो. अक्षरशः. म्हणजे घरातल्या कोणाला मोह होत नाही. मग मागचा पुठ्ठा काढून नुसतं बघत बसतो. झुरळांची अंडी, उंदरानं कुरतडलेली वायर, कपॅसिटरच्या बुडाशी सुकलेला चिकट डाग, आणि दर तिसऱ्या सेटमध्ये एक वाळलेली पाल. मग मुख्य फिल्टर कपॅसिटर आणि ग्रिडवरचा तो छोटा कपॅसिटर मी न तपासताच बदलतो. लोक म्हणतात, "अहो, मीटरवर चांगला दाखवतोय." मीटर नऊ व्होल्टवर तपासतो, कपॅसिटरला दोनशेच्या वर सोसायचे असतात. फक्त २०० मायक्रोफॅरडच्या जागी "जास्त चांगला" म्हणून ४७० टाकू नका. चालू करतानाचा झटका बीवाय १२७ डायोडला झेपत नाही.

त्यानंतर सिरीज बल्ब, म्हणजे सेटच्या वाटेत मधे जोडलेला बल्ब. इथे इंटरनेटवरचे तज्ज्ञ ६० वॉटचा बल्ब सांगतात आणि तो विझत नाही म्हणून नवशिक्या घाबरून सेट फाडायला घेतो. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हीटरची माळच ३०० मिलिअँपिअर ओढते, त्यामुळे बल्ब पूर्ण विझणारच नाही. मी शंभराचे दोन बल्ब समांतर जोडतो. सुरुवातीला ते भकभक पेटून नंतर मंद झाले, तर ठीक. तसेच पेटत राहिले, तर आत शॉर्ट आहे. आणि हो, माळच ती. दिवाळीच्या माळेसारखी. एका व्हॉल्व्हचा हीटर तुटला की सगळे अंधारात. "सगळे व्हॉल्व्ह गेले" म्हणून नवा संच शोधत फिरू नका.

चासीला हात

या सेटमध्ये वीज जिथे आत येते तिथे ट्रान्सफॉर्मर नसतो. लाइटची एक तार थेट चासीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, की अख्खी चासी फेज. ज्या घरांत चॅनेलचं बटण हरवल्यावर पक्कड लावून दांडी फिरवायचे, त्यांनी देवाचे आभार मानावेत. टेस्टर लावल्याशिवाय मी आजही हात घालत नाही. काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो आणि डावा हात खिशात.

यातूनच निघालेला नवा उद्योग म्हणजे ट्यूनरला बगल देऊन व्हिडिओची तार थेट आत सोल्डर करायची आणि मागे एव्हीची पिन बसवायची. त्या पिनेचा बाहेरचा धातू म्हणजे चासी, आणि चासी म्हणजे लाइट. तिला डीव्हीडी प्लेअर जोडलात, की प्लेअर गेला आणि तो धरणारा नशिबानेच वाचला. अँटेनाच्या जागेवर कंपनीनं वेगळं करणारे कपॅसिटर घातलेले असतात, ते उगीच नाही.

पिक्चर ट्यूबवर १५ हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही ते टिकून राहतात. डिस्चार्ज करायचा तो ट्यूबच्या मागच्या काळ्या रंगावरून जाणाऱ्या जाळीच्या पट्टीला, मधे मोठा रेझिस्टर घालून. चासीला स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे शूर लोक ट्रान्झिस्टर गमावतात. आणि ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नका.

ट्यूब जिवंत आहे का, हे मात्र विकत घेण्याआधी, वीज न लावता कळतं. मानेच्या आत चकचकीत चांदीसारखा डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरलीय. असा टीव्ही कपाट म्हणून घ्या.

शटर आणि फेविकॉल

ही माझी दुसरी दुखरी नस, कारण ही चूक मी स्वतः केलीय.

१९८१ साल. मी शिकाऊ. सदाशिव पेठेत एका गिऱ्हाइकाचं शटर अडकत होतं, काही पट्ट्या सुट्या झाल्या होत्या. गणपती चार दिवसांवर. आमच्या दुकानाचे मालक बाहेरगावी. मी फेविकॉलचा डबा घेऊन गेलो, पुढून प्रत्येक फटीत व्यवस्थित भरला, पुसून घेतला, चहा पिऊन आलो. दुसऱ्या दिवशी शटरची फळी झाली होती. अर्धवट उघडलेलं शटर पुढेही जाईना, मागेही जाईना. संपूर्ण गणपतीत त्या घरानं निम्माच पडदा पाहिला. बातम्या देणाऱ्या बाईंचा एकच कान दिसायचा. मालक आले, काही बोलले नाहीत. गरम पाणी आणि बोथट सुरी हातात दिली. एका बाजूला बत्तीस पट्ट्या होत्या. मोजल्यात मी.

शटर म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या, मागून कापडावर चिकटवलेल्या. ते वळतं, कारण पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्या फक्त कापडाला चिकटलेल्या असतात. पट्ट्या सुट्या होतात त्या कापड सडल्यामुळे, म्हणून काम करायचं ते कापडाचं. पुढून काहीही भरायचं नाही.

मी शटर मागच्या खाचेतून बाहेर काढतो आणि पट्ट्यांना मागून पेन्सिलीनं नंबर घालतो. (नंबर न घालता "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांचे सागाचे रेषे नंतर मांजरानं ओढल्यासारखे दिसतात.) जुना गोंद कोरडाच खरवडतो. नवं कापड म्हणजे जाड मांजरपाट, आधी धुऊन वाळवलेला, नाहीतर नंतर आक्रसतो. पट्ट्या पालथ्या, काटकोनातल्या चौकटीत घट्ट लावून, गोंद पातळ आणि फक्त कापडाला. वरखाली पट्ट्यांची जी टोकं खाचेत पळतात तिथे कापड येऊ द्यायचं नाही. गोंद पूर्ण सुकायच्या आत शटर एकदा हलकेच वाकवून घ्यायचं, म्हणजे फटीत आलेला थेंबही सुटतो. खाचेत मेणबत्ती घासायची. तेल सोडलंत तर सहा महिन्यांत धूळ आणि तेलाचा लगदा होतो, आणि मग पुन्हा मला फोन.

बाकीच्या, थोडक्यात

कॅबिनेटवर घासण्याचं मशीन चालवू नका. वरचा सागाचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, खाली साधं प्लाय. हातानं, बारीक पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेनं, आणि गरज असेल तरच.

आधी लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं, तर ते लाखेचं पॉलिश आहे. मग सगळं खरवडायची गरज नाही, त्यावरच चपड्याचे पातळ हात चढतात. थिनरनं विरघळलं तर लॅकर. पावसाळ्यात स्पिरिट पॉलिश करू नका, पांढरी झाक मारते. घाई असेल तरीही नाही. घाई असेल तर मुळात हे काम घेऊ नका.

पुढच्या पट्टीवरची ‘ब्राइटनेस’, ‘व्हॉल्यूम’ ही अक्षरं स्पिरिटनं, थिनरनं, कधी नुसत्या काचेच्या फवाऱ्यानंही जातात. ओल्या मऊ कापडापलीकडे तिथे काही लावू नका.

आतले प्रीसेट (जुळणीचे छोटे स्क्रू) "जरा फिरवून" बघू नका. फिरवायचेच तर आधी मार्करनं खूण करा. आयएफ कॉइलच्या (ट्यूनरनंतरचा सिग्नल जुळवणाऱ्या कॉइलच्या) गाभ्याला लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावणाऱ्याशी मी बोलत नाही.

पूर्ण ट्रान्झिस्टरच्या सेटमधले बीयू २०५ ट्रान्झिस्टर आता मिळतात त्यातले निम्मे नकली निघतात, जुन्या मोडीतून काढलेला बरा.

आणि आतलं सगळं भंगारात देऊन कॅबिनेटमध्ये एलईडी टीव्ही किंवा माशांचं टाकं बसवणं ही चूक नाही. तिला दुसरा शब्द आहे.

चालू झाला, पण...

एकच पांढरी आडवी रेष दिसली, तर आधी ब्राइटनेस पूर्ण कमी करा, मग व्हर्टिकलचा (चित्र वरखाली पसरवणारा) भाग शोधा. उलट क्रमानं गेलात, तर ती रेष पडद्याच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर कायमची भाजली जाते.

चित्रावर एक जाड काळपट पट्टा हळूहळू सरकतोय? फिल्टर कपॅसिटर. एक डायोडवाल्या सप्लायमध्ये असा एकच पट्टा येतो.

आवाज आहे, पडदा काळा. अशा वेळी कान लावायचा. लाइनचा (चित्राच्या आडव्या रेषा काढणारा) भाग चालू असेल, तर अगदी बारीक शिट्टी ऐकू येते, १५,६२५ हर्ट्झची. मला ती पन्नाशीनंतर ऐकू येणं बंद झालं. मी नातीला बोलावतो. ती लांबूनच कानावर हात ठेवते, म्हणजे लाइन चालू आहे आणि दोष पुढे शोधायचा.

शेवटचा प्रश्न: दूरदर्शनचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण आता जवळजवळ सगळीकडे बंद झालंय, मग चित्र आणायचं कुठून? आरएफ मॉड्युलेटर (व्हिडिओचं अँटेनाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा) घ्या आणि चपट्या ३०० ओहमच्या अँटेना वायरीसाठी छोटा बॅलन (दोन प्रकारच्या वायरी जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) लावा. पण इथेही लोक स्वस्तातला घेतात आणि फोन येतो, "चित्र एकदम स्वच्छ, पण आवाज नाही, नुसतं खरखर. आवाजाचा आयसी बदलू का?" काही बदलू नका. आपल्या पद्धतीत आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो. अमेरिकी मॉड्युलेटर तो ४.५ वर देतो, दुसऱ्या काही देशांचे ६ किंवा ६.५ वर. मॉड्युलेटरवर ‘बी/जी’ असं सेटिंग असेल तर ते निवडा, नसेल तर दुकानदाराला परत करा. परवाच एकानं त्यासाठी दोन आयसी आणि स्पीकर बदलून झाल्यावर मला विचारलं.