कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये एकाच मेंबरची दोन खाती झालीत? डिलीट करू नका, मर्ज करा, म्हणजे दोन्ही एकत्र करा

सोलापुरात लायब्ररीत काम करणाऱ्यांना हे रोजचंच, श्रीनिवास नावाचा मेंबर एकदा एस एच ने टाईप होतो आणि पुढच्या वर्षी नुसत्या एस ने, की झाली दोन खाती, जुन्यावर दोन पुस्तकं आणि दंड बाकी, नवीन एकदम कोरं. आमच्याकडे साखर पेठेतल्या एका आजोबांचं असंच झालं होतं, पुस्तक परत करायला आले तर नवीन कार्डावर काहीच दिसेना, बिचारे घाबरूनच गेले.

अशा वेळी पेट्रन (म्हणजे मेंबर) सर्चमध्ये आडनाव टाका, दोन्ही खात्यांवर टिक करा आणि मर्जचं बटण दाबा, मग कोणतं ठेवायचं ते विचारतं. इश्यू केलेली पुस्तकं, दंड, रिझर्वेशन सगळं ठेवलेल्या खात्यावर येतं. पण पत्ता आणि मोबाईल नंबर येत नाही हां, ते आधीच बघून ठेवायच्या खात्यात भरून घ्या, कारण दुसरं खातं डिलीट होतं आणि मर्ज परत फिरवता येत नाही. कार्ड नंबर पण जे ठेवलं त्याचाच राहतो, मेंबरच्या हातातलं कार्ड कोणतं ते विचारूनच निवडा.

आणि नवीन नाव घेताना जन्मतारीख भराच, मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर कोहा नाव, आडनाव आणि जन्मतारीख बघूनच डुप्लिकेटची वॉर्निंग देतं, स्पेलिंग बदललं तर तेही गप्प बसतं, म्हणून आम्ही आधी मोबाईल नंबरने सर्च करतो मगच नवीन खातं उघडतो.