"फ्लॅट माझ्या नावावर आहे, चालती हो" असं म्हणाले तर काय करायचं

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, भांडण कशावरूनही होऊदे, शेवटी येतं फ्लॅटवरच. घोडबंदरचा टू बीएचके सासऱ्यांच्या नावावर, मग सुनेला ऐकवतात की तुझं इथं काय आहे. तर ऐका, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, जिथे संसार केला त्या घरात राहायचा हक्क बाईला आहे, आणि सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय. मालकी मिळत नाही हं, राहायचा हक्क मिळतो.

मारहाण चालू असेल तर आधी 112 लावा, बाकी सगळं नंतर. सल्ला हवा असेल तर 181. लागलं असेल तर डॉक्टरला खरं कारण सांगा, "बाथरूममध्ये पडले" असं केसपेपरवर लिहिलं गेलं की तोच कागद उद्या तुमच्यावर उलटतो.

मग संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, महिला व बालविकास विभागाचे असतात. ते डीआयआर भरतात, म्हणजे घडलेल्या प्रकारांचा अहवाल. एफआयआर किंवा घटस्फोटाची केस असलीच पाहिजे असं नाही. शिव्या, टोमणे, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं हे सगळं यात बसतं, म्हणून मेसेज, बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

पुढे मॅजिस्ट्रेटकडे कलम 12 चा अर्ज. सासर नागपूरला असलं आणि तुम्ही ऐरोलीला माहेरी येऊन राहिलात तरी अर्ज इकडेच, बेलापूर कोर्टात चालतो, नागपूरच्या खेपा नकोत. वकिलाला पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही, नंबर 15100.

अर्जात काय मागायचं ते नीट ठरवा: त्रास द्यायला मनाई, घरातून न काढणे किंवा भाडं, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई. कायद्यात 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करा असं आहे पण तारखा पडत राहतात, म्हणून कलम 23 चा अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी जोडा, हे वकिलाला सांगायला लाजू नका. गरज दिसली तर कोर्ट समोरच्याला न ऐकताही अंतरिम ऑर्डर देऊ शकतं.

संरक्षणाची ऑर्डर मिळाली की कॉपी फुकट मिळते, फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवा. ती मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळे पोलीस स्टेशनला कोणी "घरचं घरात मिटवा" म्हणालं तर कॉपी पुढे करायची आणि कलम 31 खाली तक्रार लिहून घ्या म्हणायचं.