इंग्लंडात घर घेताय? सॉलिसिटर तुमच्या बँकेच्या पॅनलवर आहे का, ते आधी बघा

रेडिंगमधल्या एका मॉर्गेज ब्रोकरच्या ऑफिसात मी केसेस बघते. अर्ज भरायचे, बँकेच्या मागे लागायचं, सॉलिसिटरला (घरखरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाला) फोन करायचे, दिवसभर हेच चालू असतं. आपली मराठी मंडळी व्याजदर पाव टक्क्याने खाली आणायला आठवडेच्या आठवडे आकडेमोड करतात आणि सॉलिसिटर मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी नाव टाकलं म्हणून पाच मिनिटांत ठरवून मोकळी होतात. त्या सॉलिसिटरला आपली बँक मानते का, हे विचारायचं राहूनच जातं. मी इथे इंग्लंड आणि वेल्सपुरतं सांगतेय. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे तिथलाच सॉलिसिटर लागतो.

पुण्यात गृहकर्ज काढलं असेल तर आठवत असेल, बँक आपल्या पॅनलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट मागवते. तो वकील बँकेचा. इथे बहुतेक वेळा एकच सॉलिसिटर तुमचंही काम बघतो आणि बँकेचंही. मालकीहक्क निर्वेध आहे, असं सर्टिफिकेट ऑफ टायटल तो बँकेला देतो आणि त्याच्या भरवशावर बँक कर्जाची सगळी रक्कम त्याच्या क्लायंट अकाउंटला (ग्राहकांच्या पैशांसाठीच्या वेगळ्या खात्याला) पाठवते. एवढे पैसे ज्याच्या हाती सोपवायचे, तो बँकेने पारखलेला असावा म्हणून प्रत्येक बँक आपली यादी ठेवते. तेच पॅनल.

परवाना असणं आणि पॅनलवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉलिसिटरवर एसआरए, म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची देखरेख असते. लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर (मालमत्ता हस्तांतरणाचं काम करणाऱ्या परवानाधारकावर) सीएलसी, म्हणजे काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची. दोघंही तुमचं काम करू शकतात आणि दोघांची नावं त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतात. पण त्यापुढे बँकेच्या स्वतःच्या अटी असतात. काही बँकांना एकट्याने प्रॅक्टिस करणारा सॉलिसिटर चालत नाही. काहींना लॉ सोसायटीची सीक्यूएस ही, घरखरेदीच्या कामाच्या दर्जाची, मान्यता लागते. आणि सख्ख्या भावाने किंवा बायकोने आपलं काम करावं अशी इच्छा असेल, तर बँकांच्या हँडबुकात त्यावरही बंधन आहे. हे हँडबुक यूके फायनान्स ही संस्था ऑनलाइन ठेवते, कुणालाही वाचता येतं. त्याच्या दुसऱ्या भागात प्रत्येक बँकेच्या खास अटी आहेत.

मूळचं कोल्हापूरचं एक जोडपं आमच्याकडे आलं होतं. त्यांचा सॉलिसिटर ओळखीतला, अनुभवी, मराठी समजणारा, पण ऑफिसात एकटाच. बँकेच्या पोर्टलवर मी फर्मचं नाव टाकलं, पोस्टकोड टाकला, काहीच येईना. एसआरए नंबर टाकला तरी तेच. अशा वेळी बँक आपल्यासाठी वेगळा सॉलिसिटर नेमते, त्याची फी खरेदीदाराच्या माथी पडते आणि दोन सॉलिसिटरांच्या पत्रापत्रीत वेळ जातो तो वेगळाच. काही बँका तर या वेगळ्या सॉलिसिटरच्या वाटेलाच जात नाहीत. त्या जोडप्याने सर्च (मालमत्तेबद्दल कौन्सिल वगैरेंकडे करायची चौकशी) मागवण्याआधीच दुसरी फर्म धरली, म्हणून खर्च वाचला.

तर मग करायचं काय? आधी बँक ठरू द्या, निदान दोन-तीन नावांवर या. मग ब्रोकरला सांगा की या फर्मचं अमुक ऑफिस अमुक बँकेच्या पॅनलवर आहे का ते बघ. ऑफिसचा पोस्टकोड मुद्दाम द्या, कारण एकाच फर्मची एक शाखा यादीत असते आणि दुसरी नसते, असं होतं. पाटीवरचं नाव आणि नोंदणीचं नावही कधीकधी वेगळं असतं. वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत एसआरए किंवा सीएलसीचा नंबर असतो, तो उतरवून घ्या आणि त्यावरून शोधायला सांगा. त्यानंतर फर्मलाही ईमेल करा: आम्ही या बँकेकडून कर्ज घेतोय, तुमच्या या ऑफिसातून आमचं आणि बँकेचं दोघांचंही काम तुम्ही करू शकता का, आणि बँकेच्या कामाची फी तुमच्या कोटेशनमध्ये धरलीय का? उत्तर लेखी घ्या. ‘आम्ही बहुतेक सगळ्या बँकांच्या पॅनलवर आहोत’ हे उत्तर मला पुरत नाही, तुम्हालाही पुरू नये.

वाटेत बँक बदलली, स्वस्त दर दिसला म्हणून दुसरीकडे अर्ज केला, तर हीच चौकशी पुन्हा करा. लोक नेमके इथेच अडकतात.

इस्टेट एजंट किंवा बिल्डर आपला सॉलिसिटर पुढे करतो. तो घेतलाच पाहिजे असं काही नाही. त्यांना रेफरल फी मिळत असेल तर ती सांगणं बंधनकारक आहे, बिनधास्त विचारा.

फ्लॅट घेत असाल तर आणखी एक गोष्ट. उंच इमारतींच्या बाबतीत बाहेरच्या भिंतींच्या आगीपासूनच्या सुरक्षिततेचा ईडब्ल्यूएस१ फॉर्म आणि बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ खालची कागदपत्रं यावरून बँका खूप प्रश्न विचारतात. काही फर्म अशी कामं घेतच नाहीत. इमारतीचे मजले पहिल्याच फोनमध्ये सांगून टाका.

आता आपल्या लोकांचा खास विषय: भारतातून येणारे पैसे. वडिलांनी नाशिकचा प्लॉट विकून डिपॉझिटसाठी मदत केली, तर सॉलिसिटर ते पैसे कुठून आले याची मुळापासून चौकशी करणार. मनी लाँड्रिंगच्या नियमांनुसार त्याला ती करावीच लागते. वडिलांचं ओळखपत्र, त्यांची बँक स्टेटमेंट, पैसे परत घेणार नाही आणि घरात हिस्सा मागणार नाही असं त्यांचं पत्र. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर. आपल्या स्टेटमेंटवर १२,५०,००० असा स्वल्पविराम पाहून इथला क्लार्क गोंधळतो, म्हणून मी प्रत्येक मोठ्या रकमेशेजारी पौंडाचा आकडा आणि त्या दिवसाचा दर लिहून द्यायला सांगते. ही भेटरक्कम तो बँकेलाही कळवणार, कारण तो बँकेचाही सॉलिसिटर आहे. अर्जात तिचा उल्लेख आधीच असू द्या. परदेशातून आलेली भेटरक्कम काही बँकांना चालत नाही, तेही अर्जाआधीच ब्रोकरला विचारा. आणि सॉलिसिटरला पहिल्या ईमेलातच विचारा: भारतातून आलेल्या पैशांच्या केसेस तुम्ही करता का?

तसंच, पुण्यातल्या फ्लॅटवर तुमचं नाव असेल तर लगेच सांगा. स्टॅम्प ड्युटीसाठी जगातलं कुठलंही घर मोजलं जातं. इंग्लंडात ४ लाख पौंडांच्या घरावर एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिलं घर घेणाऱ्याला ५,००० पौंड पडतात, सवलत गेली तर १०,००० आणि जादा घराचा अधिभार लागला तर ३०,०००. नाव नुसतं कागदोपत्री आहे की वारसाहक्काचा हिस्सा आहे, यावरून उत्तर बदलू शकतं. जो सॉलिसिटर हा प्रश्न स्वतःहून विचारतो, त्याला मी पसंती देते.

फीची तुलना करताना एकूण आकडा बघा: लीजहोल्डचा (भाडेपट्ट्यावरच्या घराचा) जादा आकार, पैसे पाठवण्याचा आकार, त्यावर २० टक्के व्हॅट.

मॉर्गेज ऑफर हाती आल्यावर फर्म पॅनलवरून उतरली, तर घाबरू नका. ब्रोकरला त्याच दिवशी कळवा, पॅनलवरची दुसरी फर्म धरा आणि जुन्या फर्मकडून फाइल आणि सर्च मागून घ्या. सर्च सहा महिन्यांच्या आतले असतील तर नवी फर्म ते सहसा वापरते. बँकेला मात्र सॉलिसिटर बदलल्याचं लेखी कळल्याशिवाय एक्स्चेंजची (करार पक्का होण्याची) तारीख ठरवू नका.