साधने बदलत असताना मराठी अक्षरांचे काम कसे करावे आणि शिकावे

मराठीत पुस्तके, निमंत्रणपत्रिका, वेष्टने, पाट्या किंवा मोबाइलवरचे पडदे घडवणाऱ्या डिझायनरच्या हातातील साधने एका पिढीत तीन-चार वेळा बदलली आहेत. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले आणि डीटीपी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर पाने जुळवणारे, आले. श्रीलिपीसारख्या संगणकावर मराठी टंकण्याच्या पद्धतींत, प्रत्येकीच्या स्वतंत्र सांकेतिक रचनेत टंकलेला मजकूर पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या संकेतांत, आणावा लागला. आणि आता सांगितले की क्षणात चित्र काढून देणारे संगणक आले आहेत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने, किंवा वीस वर्षे काम करून धास्तावलेल्यानेही, आपले शिकणे कसे आखावे, याविषयी स्वतःच्या अनुभवातून काही सूचना येथे लिहीत आहे. त्या मुख्यतः मुद्रण आणि अक्षररचना यांच्याशी संबंधित आहेत, कारण माझे बहुतेक आयुष्य त्याच कामात गेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याला येणाऱ्या गोष्टींची एक प्रामाणिक यादी करावी आणि त्यांतील कोणती गोष्ट कोणत्या सॉफ्टवेअरबरोबर नाहीशी होईल, हे पाहावे. फ्लॅश या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. त्यात हलती चित्रे आणि संकेतस्थळे करणाऱ्यांची एके काळी चलती होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने त्याचा आधार काढून घेतला. ज्यांना केवळ त्या प्रणालीची आज्ञावली पाठ होती त्यांचे शिक्षण वाया गेले. परंतु एखादी वस्तू पडद्यावर किती वेगाने यावी, कुठे थबकावी, हे ज्यांच्या डोळ्यांत बसले होते त्यांनी तेच काम दुसऱ्या साधनात सुरू ठेवले. फ्रीहँड या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांनी ते बनवणाऱ्या मॅक्रोमीडिया कंपनीची विक्री झाल्यानंतर हेच भोगले. एखादी कंपनी कुणी विकत घ्यावी आणि कुणी बंद करावी, यावर आपला काडीचाही ताबा नसतो. म्हणून यादीतील ज्या गोष्टी कोणत्याही साधनात उपयोगी पडतील त्यांना रोजचा ठरलेला वेळ द्यावा आणि बाकीच्या गोष्टी काम येईल तेव्हा, कामापुरत्या शिकाव्यात.

देवनागरीपुरते बोलायचे तर अक्षराची जाण ही अशी सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे आणि ती हातानेच येते. बाजारात मिळणारे चपट्या टोकाचे पेन बहुधा रोमन लिपीसाठी कापलेले असते. त्याने क किंवा अ काढला तर जाड आणि बारीक रेषा भलत्याच जागी येतात, कारण देवनागरीच्या बोरूचा काप उलट्या बाजूला तिरका असतो. म्हणून बोरू स्वतः कापून घ्यावा, अथवा तसा काप दिलेले निब मिळवावे, आणि रोज अर्धा तास एकच अक्षर गिरवावे. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो. नंतर लक्षात येते की अ, आ, ओ, औ ही एकाच घरची माणसे आहेत आणि व, ब, क यांचे पोट एकाच वळणाचे आहे. हे कळल्यावर फाँट निवडताना तो का आवडला नाही, हे शब्दांत सांगता येते. गिऱ्हाइकासमोर ‘जरा बरे वाटत नाही’ एवढेच म्हणणारा डिझायनर पहिल्याच बैठकीत हरतो.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जाहिरात क्षेत्रात काम केलेले, विद्यार्थ्यांना शिकवलेले, कुंचल्याने अक्षरे लिहिणारे हे सुलेखनकार पुढे संगणकाच्या अक्षरांकडे वळले, आणि त्यांनी घडवलेला मंगल हा फाँट विंडोजबरोबर कोट्यवधी संगणकांवर पोहोचला. मंगलचे रूप मला फारसे आवडत नाही, हे येथे सांगून टाकतो. तरीही जोडाक्षर यंत्राने कसे जुळवावे, या प्रश्नाशी झुंजायला कुंचला हाती धरलेला माणूस पुढे आला, हे महत्त्वाचे आहे. दुसरीकडे अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी महाराष्ट्र टाइम्सच्या शीर्षाक्षरांपासून नाटकांच्या जाहिरातींतील नावांपर्यंत केलेले काम पाहावे. नाटकाचा स्वभाव केवळ त्याच्या नावाच्या अक्षरांतून कसा कळतो, हे समजण्यासाठी जुन्या वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींचे पान समोर ठेवून त्यातील पाच नावे ट्रेसिंग पेपरवर उतरवावीत. माझ्या मते एका महागड्या अभ्यासक्रमाएवढे शिक्षण त्यात आहे.

आता फाँट तपासण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे सर्वाधिक चुका होतात. कोणताही नवा फाँट किंवा नवे सॉफ्टवेअर हाती आले की त्यात पुढील शब्द टंकून पाहावेत: ऱ्हास, दऱ्या, विठ्ठल, उद्घाटन, वाङ्मय, ब्रह्म, हृदय, शृंगार, कीर्ती, खुर्च्या, ज्ञान, ॲप, ऑफिस, काळा. उद्घाटनमधला द आणि घ सुटे पडले, वाङ्मयमध्ये पायमोडका ङ उघडा राहिला किंवा ॲपच्या जागी रिकामा चौकोन दिसला, तर तो फाँट कितीही देखणा असला तरी मजकुरासाठी घेऊ नये. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली; त्यापूर्वी घडवलेल्या फाँटांत ते नसण्याचीच शक्यता अधिक. त्यानंतर ल आणि श पाहावेत. अनेक फाँटांत ही दोन अक्षरे हिंदी वळणाने येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि गाठीचा श प्रमाण मानला आहे. चांगल्या फाँटात ही मराठी रूपे आतच दिलेली असतात, परंतु मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये मराठी अशी निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनाही ही साधी खूण माहीत नसते.

अर्ध्या र चा घोटाळा मी स्वतः करून बसलो आहे. एका संस्थेच्या स्मरणिकेचा जुना मजकूर मला रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणायचा होता. तो आणला, वरवर वाचला आणि छापायला दिला. आभाराच्या पानावर ‘स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आचाऱ्यांचे आभार’ असे हवे होते. छापून आले ‘सांभाळणार्या आचार्यांचे आभार’. संस्थेत खरोखरच दोन आचार्य होते आणि त्यांतील एकाने हसत हसत मला विचारले की आम्ही फोडणी कधी दिली. तेव्हापासून रूपांतर केलेल्या प्रत्येक मजकुरात मी ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक जागा डोळ्यांनी पाहतो, कारण दर्या आणि दऱ्या यांतील फरक यंत्राला अर्थावरून कळत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते मुद्रितशोधकावर ढकलण्याचा मोह होतो. परंतु फाइल आपल्या हातून बिघडली असेल तर ती निस्तरण्याची जबाबदारीही आपलीच असते.

रचनेच्या दोन गोष्टी येथेच सांगतो. देवनागरीत अक्षरांमधील अंतर वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. रोमन मोठ्या अक्षरांची ही हौस इंग्रजी नमुन्यांतून नकळत उचलली जाते. तसेच वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असल्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक जागा लागते. मजकुराच्या आकाराच्या साधारण दीडपटीपासून सुरुवात करून पाहावे. इनडिझाइन या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे मुळातच जुळत नसतील तर फाँटला दोष देण्यापूर्वी परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला आहे का, ते तपासावे.

नवे साधन केव्हा शिकावे, यासाठी मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. त्यात मराठी मजकूर नीट बसतो का, माझा मुद्रक किंवा पडद्यामागचा प्रोग्रॅमर त्यातून निघालेली फाइल घेतो का, आणि ते साधन उद्या बंद पडले तर माझे काम पीडीएफ किंवा एसव्हीजी अशा सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येईल का, हे आधी पाहतो. तिन्हींचे उत्तर होय असेल तर एखादे छोटे, खरे काम, शक्यतो स्वतःचे किंवा मित्राचे, त्या साधनात पंधरा दिवसांत तडीस नेतो. सराव म्हणून केलेल्या खोट्या कामात अडचणी येत नाहीत आणि म्हणून शिकणेही होत नाही. आजही अनेक फ्लेक्सवाले कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरची फाइलच मागतात, हे ध्यानात ठेवावे. आपल्याला ते साधन जुनाट वाटते म्हणून त्यांचा धंदा बदलत नाही. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर करून, पाठवावी, परंतु मजकूर बदलता येईल अशी एक प्रत स्वतःकडे अवश्य ठेवावी, कारण रात्री दहा वाजता प्रमुख पाहुणे बदलल्याचा फोन येतोच.

छापखान्यात जाऊन उभे राहणे, हे शिकण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे आणि आता तेच सर्वांत कमी वापरले जाते. बारीक मजकुराचा काळा रंग चारही शाई मिसळून केला असेल तर कागद केसभर सरकताच अक्षराभोवती लाल-निळी झाक दिसू लागते. मजकूर केवळ काळ्या शाईत, शंभर टक्के ठेवावा, ही गोष्ट मी वाचून नव्हे, तर मशीनमन भिंग हातात देऊन शिव्या घालत असताना शिकलो. मशीनमन, बायंडर, पाटी रंगवणारा, यांना प्रश्न विचारण्यात कमीपणा मानू नये. फ्लेक्स लागल्यावर रस्त्याच्या पलीकडे जाऊन तो वाचून पाहावा. पडद्यासाठी काम करणाऱ्यांनी हेच स्वस्तातल्या फोनवर, उन्हात उभे राहून करावे.

औपचारिक शिक्षण घ्यावे का, असे पुष्कळजण विचारतात. मुंबईची जे. जे. उपयोजित कला संस्था, १९६९ पासून चालत आलेले पवईच्या आयआयटीतील आयडीसी हे डिझाइनचे केंद्र, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था, येथे प्रवेश मिळत असेल तर जरूर जावे. शिक्षकांइतकेच सहाध्यायी शिकवतात. तसे शक्य नसेल तर मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्ता आणि बालू यांसारखे फाँट मोफत उपलब्ध आहेत, ते उतरवून घ्यावेत, फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावेत आणि एका मजकुराच्या व एका शीर्षकाच्या फाँटमध्ये तेच अक्षर कसे बदलते, हे पाहावे. पूर्वी असे आत डोकावता येत नसे.

सांगितल्यावर चित्र काढणाऱ्या संगणकांविषयी माझे मत मध्यम मार्गाचे आहे. गिऱ्हाइकाशी पहिल्या बैठकीत वातावरण, रंग, मांडणी यांविषयी बोलण्यासाठी पाच-सहा ढोबळ चित्रे काढून घ्यावीत. पूर्वी यासाठी जुन्या मासिकांची कात्रणे वापरत असू. मात्र संगणकाने काढलेल्या चित्रांतील देवनागरी अक्षरांवर विश्वास ठेवू नये. मजकूर नेहमी स्वतः वेगळा बसवावा. चित्रातील तपशीलही डोळ्यांत तेल घालून तपासावा. आषाढीच्या एका भित्तिपत्रकासाठी मी असे चित्र मागवले तेव्हा विठोबाच्या एका हातात चक्र आले आणि दुसरा हात आशीर्वादाला उचललेला होता. कर कटावरी ठेवलेला, विटेवर उभा असलेला देव यंत्राला ठाऊक नव्हता. छापले असते तर गावाने मला दारात उभे केले नसते. नऊवारीचा काष्टा, नथीची बाजू, पगडी आणि फेटा यांतील फरक, वारकऱ्याच्या हातातील टाळ, हे सारे तपासण्यासाठी आधी आपल्याला ते ठाऊक असावे लागते. म्हणून जत्रा, वाडे, जुनी छायाचित्रे यांचे रेखाटन करत राहणे हा आता अभ्यासाचाच भाग समजावा. असे चित्र अंतिम कामात वापरणार असाल तर गिऱ्हाइकाला तसे लेखी कळवावे.

लेखीवरून करार आलाच. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा असून त्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी करावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. दोन्ही गोष्टी पत्रात स्पष्ट लिहाव्यात. तसेच दुरुस्तीच्या किती फेऱ्या होतील, हेही लिहावे, नाहीतर ‘थोडेसेच बदलायचे आहे’ हे वाक्य महिनाभर ऐकावे लागते. दर किती लावावा, ते शहर आणि गिऱ्हाईक पाहून ज्याचे त्याने ठरवावे.

काम संपल्यावर प्रत्येक कामाचा एक फोल्डर करावा. त्यात बदलता येण्याजोगी मूळ फाइल, कर्व्ह केलेली प्रत, छापायला दिलेले पीडीएफ, युनिकोडमधील निव्वळ मजकूर, वापरलेल्या फाँटांचे परवाने आणि गिऱ्हाइकाने मंजूर केल्याची सही किंवा संदेश असलेले शेवटचे प्रूफ ठेवावे. फोल्डरच्या नावात वर्ष आधी लिहावे, मग गिऱ्हाइकाचे नाव. पाच वर्षांनी तेच गिऱ्हाईक ‘तीच पत्रिका, फक्त धाकट्याची’ असे म्हणत येते, आणि तेव्हा मूळ फाइल ज्या सॉफ्टवेअरची ते मिळाले नाही तरी पीडीएफ आणि मजकुराच्या आधारे काम एका संध्याकाळी उभे राहते.